अष्टमीची घागर

"हात धुतले का?"

"धुतले की."

"साबणानं?"

"आवं बाई, दिवसाला तीन आंघोळ्या करणारा माणूस मी. मला हात धुवायला शिकिवताय व्हय?"

"परत धुवा. माझ्यासमोर."

मालक कण्हत-कुथत उठले, बेसिनपाशी गेले आणि शाळेतल्या पोरागत हात उलटे-पालटे करून धुऊन आले. मी तोंडाला पदर लावला. आमचे मालक म्हणजे शिदू गुरव, गावच्या भैरोबाचे पुजारी. पाटलाच्या हातातला नारळसुद्धा पाणी शिंपडल्याबिगर घ्यायचे नाहीत. आणि त्यांना धुतलेले हात परत धुवायला लावणारी ही रणभिसे सिस्टर, जेमतेम पाच फूट उंच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पंचवीस वर्षं झाली या गोष्टीला. त्या सालात मी पहिल्यांदा हसले ती त्या सकाळी, दवाखान्याच्या वॉर्डात.

झालं होतं ते असं. चैत्रातल्या जत्रेत पालखी उतरवताना पायरीवर मालकांचा पाय घसरला आणि पालखीचा दांडा कमरेवर आला. आम्ही शहाण्यांनी आठ दिवस चोळण्या-शेकण्यात घालवले. नवव्या दिवशी पाय बधिर पडले, लघवी तुंबली, पोट टम्म फुगलं, तेव्हा कुठं जिल्ह्याला नेलं. मणक्यातली चकती सरकून नसांवर बसली होती. ऑपरेशन झालं. पायात जीव आला, मालक चालायला लागले. लघवी मात्र गेली ती गेलीच. भरल्याचं कळायचं नाही आणि आपली आपण व्हायची नाही. मग नळी घातली, नळीला पिशवी लावली, आणि ती पिशवी धोतराच्या आत मांडीला बांधून आम्ही घरी आलो.

गाव काय आंधळं असतं? केरबा म्हणजे मालकांचा चुलतभाऊ, देवळाच्या पूजेतला भाऊबंद. त्याची बायको तानी आडावर चार बायकांत म्हणाली, "वरनं देवाला फुलं व्हायची आन् खालनं मुताची पिशवी डुलतीया." बायका फिदीफिदी हसल्या. मी घागर तिथंच टाकून घरी आले. कुणीतरी ते मालकांच्याही कानावर घातलं. त्या दिवसापासून त्यांनी गाभाऱ्यात पाऊल टाकलं नाही. पूजा केरबा करायला लागला, आणि आमचा माणूस तीन महिने सोप्यात भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

म्हणून परत तपासणीला गेल्यावर सिस्टर जेव्हा म्हणाली, "पिशवी काढून टाकू. आता नळी तुमची तुम्ही घालायची, मोकळं व्हायचं आणि काढून ठेवायची," तेव्हा मालक ताडकन उठून बसले.

"म्हंजी पिशवी न्हाई?"

"नाही."

"कुणाला दिसायचं न्हाई?"

"तुम्ही सांगितलं नाही तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

बाईनं चांगल्यासाठीच सांगितलं होतं.

आता हात धुऊन झाले, नळीला जेली लावून झाली, तर मालक म्हणायला लागले, "हिला भाईर पाठवा."

"कशाला?" सिस्टर म्हणाली. "उद्या तुमचा हात थरथरला तर घरी कोण आहे? भैरोबा?"

मालकांनी डोळे मिटले. कपाळाला घाम. हात असा कापत होता की नळी दोनदा खाली पडली. दोन्ही वेळा सिस्टरनं ती बाजूला टाकली, नवी दिली, आणि परत हात धुवायला लावले. "जबरदस्ती करायची नाही. अडली तर थांबायचं. मोठा श्वास घ्या, सोडा, आणि हळू पुढं. घाई नाही." तिसऱ्यांदा नळी गेली. स्टीलच्या भांड्यात धार पडल्याचा आवाज आला, आणि मालक डोळे उघडून त्या भांड्याकडं बघतच राहिले. मग लहान लेकरागत रडायला लागले.

"माझं मी केलं, हौसे."

"केलं की वो," मी म्हणाले, आणि मीही रडले.

जाताना सिस्टरनं मला दारात उभं करून धडा म्हणून घेतला. चार तासांनी नळी, जास्तीत जास्त सहा. त्याच्या पुढं थांबायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं. नळी धुवायची, उकळायची, वाळवायची. "आणि थंडी वाजून ताप आला तर?"

"दवाखान्यात आणायचं."

"कधी?"

"लगीच."

"तासभरसुद्धा घरी थांबायचं नाही. साचलेलं पाणी सडतं, ते वर मूत्रपिंडात चढतं आणि तिथून रक्तात जातं. माणूस दिवसभरात जातो. कळलं का, हौसाबाई?"

कळलं होतं. मला त्या दिवशीच सगळं कळलं होतं.

घरी आल्यावर महिन्याभरात मालक त्या कामात असे तरबेज झाले की मलाच नवल वाटायचं. न्हाणीत पाट ठेवला, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात नळ्या, कोनाड्यात साबण. नळ्या वाळवायची दोरी न्हाणीतच बांधली आणि वरून माझं जुनं लुगडं टाकलं. कऱ्हाडला दिलेल्या आमच्या एकुलत्या एका मुलीनं, मंगलनं, घड्याळ पाठवलं. ते वाजलं की मालक म्हणायचे, "उठा, देवाचं बोलावणं आलं." पहाटे पूजेच्या आधी, सकाळी नऊला, दुपारी जेवणानंतर, तिन्हीसांजेला धुपारतीच्या आधी आणि झोपताना. पाच वेळा, एक चुकायची नाही. हातात तांब्या कायम. मी चेष्टेनं म्हणायचे, "नवी नवरी मिरवावी तसा तांब्या मिरवताय." श्रावणात त्यांनी पुन्हा भैरोबाला हात लावला. गालावर मांस चढलं, आवाज सुटला. तानी मला आडावर दिसली की मी मुद्दाम घागर सावकाश भरायचे.

तिथंच थांबलं असतं तर आज मी ही गोष्ट कशाला सांगत बसले असते?

भादव्यात भाऊबंद देवळात बसले. दरवर्षी बसतात, नवरात्राला कोण बसायचं ते ठरवायला. ठरवायचं म्हणजे नावालाच, बसायचा मान तीन पिढ्या आमच्या घरात. आमच्यातली रीत कडक. घट बसला की बसणाऱ्यानं नऊ दिवस सभामंडपाचा उंबरा ओलांडायचा नाही. दिव्यापाशी घोंगडीवर बसायचं, तिथंच पाठ टेकायची, दिवा विझू द्यायचा नाही. देहधर्माला जायचं तर मागल्या दारानं, आणि आल्यावर आडाचं पाणी डोक्यावरून घेऊन ओलेत्यानंच परत दिव्यापाशी. जुनी माणसं केळं आणि घोटभर ताकावर राहायची, पहाटे एकदा उठली की झालं. आणि बसणाऱ्याचं अंग शाबूत लागतं. ज्याच्या देहात खोट, तो बसत नाही. एकदा मान हुकला की तो दुसऱ्या घरात जातो, परत येत नाही.

मी बायकांच्या बाजूला खांबाआड उभी होते. केरबानं विचारलं, "दादा, तब्येत बरी हाय न्हवं? का औंदा मी बसू?"

तो वाईट बुद्धीनं बोलला नव्हता, हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला त्याच्या नरडीला नख लावावंसं वाटलं.

"बरा हाय की," मालक म्हणाले.

"पिशवी?"

"कवाच सुटली."

"म्हंजी आता लघवी आपली आपण व्हतीया?"

मालकांनी क्षणभर देवाकडं बघितलं. "व्हतीया," म्हणाले.

घरी येऊन मी त्यांना घेरलंच. "नऊ दिस कसं करणार? पाच येळा उठायचं, पाच येळा आंघोळ. लोक इचारतील न्हवं?"

"दोनदा उठीन. पहाटं आन् सांजंला. लोकं म्हणतील, शिदू लई सोवळ्यातला झालाय."

"आन् सिस्टर काय म्हणल्या हुत्या?"

"आगं, पाणीच पिलं न्हाई तर साचंल कुठनं? कमी प्यायचं, कमी साचंल. आमचा बा नऊ दिस दोन तांब्यांवर बसायचा."

"तुमच्या बाच्या कमरंवर पालखी पडली न्हवती."

"हौसे, म्या उठलो तर त्या जागंवर केरबा बसंल. मग मी कोण? देवळाच्या दारात नारळ फोडणारा?"

खरं सांगू का, मलाही तो मान हवा होता. तानीच्या नाकावर टिच्चून हवा होता. तेव्हा सगळा दोष त्यांच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही.

घट बसला. भाऊबंद पाळीपाळीनं मंडपात बसायचे, त्यामुळं मालकांवर सतत कुणाची ना कुणाची नजर. पहिले दोन दिवस पहाटे आणि सांजेला असे दोनदा ते उठले. मी आडापाशी नळी घेऊन थांबायची, लोकांना वाटायचं धोतर घेऊन थांबलेय. दुसऱ्या दिवशी सांजेला भांडं गळ्यापर्यंत भरलं आणि पाणी गढूळ, वास मारणारं. मी ते त्यांच्या नाकाखाली धरलं. "बघा. नीट बघा."

"उपासानं आसंल."

तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. झेंडूच्या परडीत, फुलांच्या खाली डबा लपवला आणि देवळात गेले. मंडपात केरबाच होता, पण पेंगत होता. मी मालकांना डोळ्यानं खुणावलं. मंडपाला लागून कोठीची खोली होती, ढोल-कैताळ ठेवायची. उंबरा ओलांडायला नको. मालक आत आले, मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पाच मिनिटांत मोकळे झाले. चेहऱ्यावर किती सुख आलं होतं सांगू! म्हणाले, "हौसे, तू नसतीस तर मेलो असतो गं."

आंघोळ न करता तसेच दिव्यापाशी गेले. आणि जाऊन बघतात तर ज्योत खाली बसलेली, निळी, मोहरीएवढी. मालकांनी झडप घालून वात वर ओढली, तेल ओतलं. दोन बोटं भाजली. दिवा वाचला. केरबाला जाग आली तोवर सगळं ठाकठीक होतं.

तेल घालायची वेळ टळून गेली होती, एवढंच. कोठीत जायच्या गडबडीत राहून गेलं. मी सांजेला आडावर त्यांना ते परोपरीनं सांगितलं. "आवं, तेल सरलं हुतं. तेल सरल्यावर दिवा काय करंल?"

"त्याला चालत न्हाई हौसे. बिनआंघुळीचा ग्येलो, त्यानं दावलं मला."

"त्याला काय चालत न्हाई? तुम्ही जगल्यालं?"

"गप." ओल्या अंगानं ते कुडकुडत उभे होते. "हिकडं ये. हात ठेव माझ्या हातावर. मी सांग म्हणत न्हाई तवर कुणाम्होरं अवाक्षर काढायचं न्हाई. भैरोबाची आण हाय तुला."

मी हात ठेवला. भाजलेल्या बोटांचे फोड माझ्या तळहाताला लागले.

त्या दिवसापासून त्यांनी दुपारी कोठीत यायचं बंद केलं. पाचव्या दिवशी पहाटेचंसुद्धा टाळलं, सांजेला एकदाच. ताकाचा पेला तसाच परत यायचा. सहाव्या दिवशी धोतराला डाग दिसला, भरून वाहायला लागलं होतं. मी घोंगडी बदलली आणि लोकांना म्हणाले, तेल सांडलं. सातव्या दिवशी ते खाली वाकले की कुशीला हात लावायचे. मी म्हणायची, "चला," ते म्हणायचे, "आता दोनच दिस." मंगलला बोलावून घ्यावं असं मनात आलं. पण मंगल आली असती तर विचारलं असतं, आणि मी आणेत बांधलेली. असं मी स्वतःला सांगितलं.

अष्टमीच्या दुपारची आरती मोठी. सगळं गाव लोटतं. ढोल सुरू झाला, कैताळ सुरू झाले, आणि आरती निम्म्यात असताना मालकांच्या हातातलं ताट खडखडायला लागलं. आधी हात, मग खांदे, मग सगळं अंग. दातावर दात वाजत होते, डोळे लालभडक. ताट खाली पडलं आणि ते गुडघ्यांवर आले, थडाथडा उडत.

"वारं आलं!" कुणीतरी ओरडलं. "भैरोबा आला!"

आमच्या घरात कुणाच्या अंगात कधी आलं नव्हतं. ना सासऱ्यांच्या, ना त्यांच्या बापाच्या. सगळा मंडप एकदम खाली बसला. ढोलवाल्याला चेव चढला. आणि सगळ्यांत पुढं कोण आलं? केरबा. ओंजळभर गुलाल घेऊन आला, मालकांच्या डोक्यावर टाकला आणि त्यांच्या पायावर पालथा पडला. "देवा, चुकलो. तुझ्या झाडावर, ह्या दादावर संशय घेतला. माझ्या लेकीची, सुमनची कूस उजवू दे."

मालकांचा हात हलत होताच. तो केरबाच्या डोक्यावर पडला. केरबा ढसाढसा रडायला लागला.

मग रांगच लागली. कुणाचं लग्न, कुणाची म्हैस, कुणाचा हरवलेला भाऊ. मालक थरथरत होते आणि लोक त्या थरथरण्यातून उत्तरं काढत होते. मान उजवीकडं गेली की होय, डावीकडं गेली की नाही. मधेच त्यांचे ओठ हलले. "पाणी," म्हणाले. हे सगळ्यांनी ऐकलं.

"देव पाणी मागतोय!"

माणसं आडाकडं पळाली. घागरी आल्या. आणि त्या आश्विनातल्या गार पाण्याच्या घागरी एकामागून एक त्यांच्या डोक्यावर रिकाम्या झाल्या. अकरा मोजल्या मी. तोंडात घोटभर कुणी घातलं नाही. देवाला कोण घोटभर देतं?

मी खांबापाशी हात जोडून उभी होते. सिस्टरचा धडा डोक्यात आपोआप चालू होता. थंडी वाजून ताप आला तर? दवाखान्यात. कधी? लगेच.

दिवस मावळता मालक घोंगडीवर आडवे झाले. लोक म्हणाले, देवानं झाड सोडलं, थकवा येणारच. दार ओढून घेतलं आणि कुणी जवळ जाऊ दिलं नाही, मलासुद्धा. पहाटे मी केरबाला ढकलून आत शिरले. अंग गार पडलेलं, नखं निळी, जीभ कोरडी ठक्क. तेव्हा मी ओरडले. तेव्हा सगळं सांगितलं, नळी, डबा, सगळं. कुणाला काही उमगलं नाही, पण केरबानंच जीप आणली. त्यानंच मालकांचं डोकं मांडीवर घेतलं.

दवाखान्यात रणभिसे सिस्टर ड्यूटीवर होती. तिनं नळी घातली. दीड तांब्याच्या वर निघालं, पाण्यासारखं नव्हतंच ते. सलाइन लावताना ती म्हणाली, "ताप कधी आला?"

"काल दुपारी."

"काल दुपारी," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं, काहीतरी विचारणार होती. मग चष्मा काढून पुसायला लागली. खंडेनवमीला दुपारी बाराच्या सुमारास मालक गेले.

गावानं काय करावं? गावानं म्हटलं, भैरोबानं आपल्या भक्ताला दसऱ्याच्या आत बोलावून घेतलं. जिथं ते गुडघ्यांवर आले होते तिथं दगड बसवला. पौषात सुमनला दिवस गेल्याचं कळलं, मग तर बघायलाच नको. मी केरबाला एकदा घरी बोलावून पत्र्याचा डबा त्याच्यापुढं उघडून ठेवला. सांगितलं, "भावजी, त्यो देव न्हवता. ताप हुता. ह्या नळ्या चार-चार तासानं घालाय पायजे हुत्या."

त्यानं डबा बंद केला. "वैनी, माझ्या पोरीच्या पोटात जीव हाय. हे परत कुणाला सांगू नगा. मलाबी न्हाई."

आम्हाला मुलगा नाही. पुढच्या नवरात्राला केरबाच बसला. मान गेला तो गेलाच. ज्याच्यासाठी एवढं केलं ते वर्षभरसुद्धा टिकलं नाही.

पण एक रीत मात्र पडली. अष्टमीच्या दुपारी गावातलं प्रत्येक घर आडाची एकेक घागर त्या दगडावर ओततं. देवानं पाणी मागितलं होतं ना. शेवटची घागर माझी. तो माझा मान.

गेल्या अष्टमीला सुमनची मुलगी माझ्यासोबत होती. तिचंच लग्न ठरलंय आता. घागर कडेला घेत म्हणाली, "आजी, सगळी म्हणतात, त्या दिवशी तूपण रांगेत गेली हुतीस. देव तुझ्या कानात काय म्हणाला गं?"

"सगळं चांगलं व्हईल, म्हणाला."

पंचवीस वर्षं हेच सांगत आले. त्या दिवशी तानीला हेच सांगितलं, तेव्हापासून तेच.

हो, गेले होते मी रांगेत. तानीनंच वाट करून दिली, "हौसावैनीला म्होरं सोडा," म्हणून. मी खाली बसले, तसं मालकांनी माझं मनगट धरलं. हात तव्यासारखा पोळत होता. ढोल एवढा चालला होता की फक्त मलाच ऐकू आलं. देवाचा आवाज नव्हता तो. न्हाणीतून साबण मागायचे तोच आवाज.

"हौसे, सांग आता. लई झालं गं."

आण सुटली होती. त्यांनीच सोडली होती. जीप पाटलाच्या दारात उभी, दवाखाना दीड तासावर, आणि दिवस मावळायला अजून चार तास होते.

मी मागं वळले. गाव हात जोडून माझ्याकडं बघत होतं. आणि तानी, मुताची पिशवी म्हणणारी तानी, माझ्या पायावर डोकं ठेवून विचारत होती, "काय म्हणाला वो देव, वैनी?"

मी तिला उठवलं. तिच्या कपाळाला अंगारा लावला, आणि मालकांकडं पाठ करून खांबापाशी जाऊन उभी राहिले.

"आजी, वत की," सुमनची पोर म्हणाली. "समदी थांबल्यात."

मी घागर उचलली आणि दगडावर ओतली.